दुसरी खुर्ची

सुनेचा अंगठा मुठीत गेला आणि चिमट्याच्या हातातली पेन्सिल थांबली.

झालं ते एवढंच. खोलीत त्या दोघांशिवाय आणखी दोन माणसं होती, एक नर्स आणि एक दातांचा डॉक्टर. त्यांना काही दिसलं नाही, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. टेबलाच्या कडेवर हात ठेवून बसलेली एक बाई प्रश्नाचं उत्तर देते आणि देता देता तिचा उजवा अंगठा बाकीच्या चार बोटांखाली शिरतो, कासवाची मान आत जावी तसा. उत्तर संपलं की बाहेर येतो. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बाईचे हात गारठले असतील. पण चिमट्याने एकतीस वर्षं पितळी तोट्यांच्या कारखान्याच्या गेटवर झडत्या घेतल्या होत्या. भोंगा झाला की माणसांची रांग लागे, आणि तो पिशव्यांकडे बघतच नसे. पिशवीकडे बघतो तो कच्चा. पिशवी गप्प बसते, डबा गप्प बसतो, माणसाचा चेहराही सरावाने गप्प बसायला शिकतो. हातांना ते जमत नाही. ज्याच्या डब्यात भाजीखाली तोटी असे त्याचा अंगठा हटकून मुठीत असे. मग चिमटा पुढे होऊन दोन बोटांनी ती तोटी अलगद बाहेर काढी, म्हणून कामगारांनी त्याचं नाव ठेवलं चिमटा. ते इतकं चिकटलं की खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. बायको रागावली की म्हणायची, "चिमट्याशी लग्न केलंय, आता जन्मभर निखारेच उचलायचे." जो माणूस निर्मळ निघे त्याच्या पिशवीवर तो तळहाताने दोन थापा मारी. जा, असं तोंडाने म्हणायचंही कारण नसे. आणि एक होतं. कुणी न सांगता आपणहून पिशवी उघडून समोर धरली की चिमट्याच्या कपाळाला आठी पडे. अशांवर त्याचा सगळ्यात जास्त संशय.

या खुर्चीवर तो बसू लागला त्याला दीड वर्ष झालं होतं. सून घरातच बाहेरच्या खोलीत इंग्रजीचा क्लास घेई. साधं इंग्रजी नव्हे. जी सगळ्यात वरची परीक्षा म्हणतात, परदेशात नोकरीला जाणाऱ्यांना, तिकडे शिकवायला जाणाऱ्यांना जी द्यावी लागते, तिची तयारी. लिहिणं, वाचणं, ऐकणं आणि शेवटी बोलणं, असे चार भाग. बोलण्याच्या परीक्षेला उमेदवार जोडीने आत जातात. समोर दोन परीक्षक असतात. एक प्रश्न विचारतो. दुसरा बाजूला खुर्ची तिरकी टाकून बसतो, आल्यावर मान लववतो, आणि मग पंधरा मिनिटं तोंड उघडत नाही. ऐकतो आणि लिहितो. सून सांगायची, माणसं विचारणाऱ्याला घाबरत नाहीत, त्या न बोलणाऱ्याला घाबरतात. त्याने कागदावर जरा काही खरडलं की चांगल्या चांगल्यांची जीभ अडखळते. म्हणून सराव करायचा तर ती दुसरी खुर्ची भरलेली हवी.

"बाबा, तुम्ही बसाल का?" तिने विचारलं होतं.

"मी? मला कुठं येतं इंग्रजी! मला आपलीच बाराखडी चाळिशी उलटल्यावर आली."

"इंग्रजी यायला नकोच आहे. हसायचं नाही, मान हलवायची नाही, त्यांच्याकडे बघत राहायचं आणि मधूनमधून पेन्सिल चालवायची. बस."

"एवढंच ना? हे तर मी एकतीस वर्षं केलंय."

तेव्हा दोघं हसले होते. पण खुर्चीवर बसल्यावर चिमट्याला नुसतं खरडणं जमेना. खोटं काम त्याने कधी केलं नव्हतं. मग त्याने आपली रीत काढली. समोरचा बोलतोय ते खरं वाटलं तर बरोबरची खूण, खोटं वाटलं तर फुली. शब्द कळत नसत, आणि ते बरंच होतं. शब्द कळले की माणूस शब्दांत अडकतो. एका वास्तुविशारद मुलीने आपल्या लाडक्या शिक्षकांबद्दल मिनिटभर सांगितलं आणि त्याने फुली मारली. नंतर कळलं की शिक्षक पाठ केलेले होते, पुस्तकातले. या दातांच्या डॉक्टरला समुद्रकिनाऱ्याचं चित्र दिलं की तो भराभरा बोले आणि सबंध वेळ फुल्या. "यांना समुद्र आवडत नाही," चिमटा सुनेला म्हणाला होता. डॉक्टर ऐकून चाटच पडला. लहानपणी तो बुडता बुडता वाचला होता. विद्यार्थी त्याला दुसरे सर म्हणत आणि जिन्यावर भेटले की जरा अंग चोरून जात. चिमट्याला ते मनातून आवडे. निवृत्त झाल्यापासून त्याला बघून कुणी अंग चोरलं नव्हतं.

त्या दिवशी नर्सची जोडीदारीण, हॉटेलात स्वागताला उभी राहणारी एक मुलगी, क्लास सोडून गेल्याचं कळलं होतं. नर्स एकटी पडली. तेव्हा सून म्हणाली, मी बसते तुमच्याबरोबर, प्रश्न डॉक्टर वाचतील. ती उमेदवाराच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरने घसा साफ करून पहिला प्रश्न वाचला. हा पहिला प्रश्न चिमट्याला पाठ होता, दीड वर्षात शंभरदा ऐकलेला. त्याचा अर्थही सुनेने सांगितलेला. घरी कोण कोण असतं, तुम्ही कुणाबरोबर राहता, हा तो प्रश्न. माणूस सैल व्हावा म्हणून विचारायचा सोपा प्रश्न. नर्सने लांबलचक उत्तर दिलं, त्यात तिचे सासरे आले, नणंद आली. सासऱ्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते चिमट्याला ठाऊक होतं, फादर-इन-लॉ. सगळ्याच लग्न झालेल्या बायका पहिल्या प्रश्नाला ते म्हणत. मग तोच प्रश्न सुनेला. तिचं उत्तर चार-पाच शब्दांतच आटोपलं. त्यात फादर-इन-लॉ नव्हते. आणि अंगठा मुठीत होता.

चिमट्याने कागदावर फुली मारली, सवयीने. मग त्या फुलीकडे बघत राहिला. ती त्याच्याच अंगावर मारल्यासारखी दिसत होती.

त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू त्याच्याकडे पाठ करून बसली. संध्याकाळी सून भाजी चिरत होती आणि तो तिच्या हातांकडे बघत होता. तिने विचारलं, "काय बघताय?" तो म्हणाला, "सुरीला धार नाही." धार होती. सकाळी मुलाचा फोन येई, तिकडे तेव्हा रात्र असे. मुलगा तीन वर्षांपूर्वी परदेशी गेला होता. पूर्वी सून फोन टेबलावर ठेवून बोले, दोघांचंही ऐकू येई. आता ती बाल्कनीत जात होती. की आधीपासूनच जात होती आणि आपल्याला आता दिसलं? संशयाची हीच मजा आहे, तो मागे मागेही जातो, मागची वर्षं सुद्धा उघडून बघतो. दोन वेळा सून दिवसभर बाहेर गेली होती, एकदा उन्हाळ्यात, एकदा थंडीत. मुलांना परीक्षेच्या ठिकाणी सोडायला जाते म्हणाली होती. तिथे सोडायचं काय असतं? दातांचा डॉक्टर काय बोट धरून जायचा होता? बाल्कनीचं दार पुरतं लागत नसे, फटीतून आवाज येई, शब्द येत नसत. ती "हो" म्हणे ते कळे. किती "हो"! पाच मिनिटांत वीस वेळा. माणूस एवढा "हो" कुणाला म्हणतो? ज्याला आतून "नाही" म्हणायचं असतं त्याला, की ज्याच्याशी सगळं ठरून गेलंय त्याला? मग फोन त्याच्या हातात येई. मुलगा म्हणे, "बाबा, तब्येत कशी आहे?" तो म्हणे, "ठणठणीत." मुलगा म्हणे, "गुडघा?" तो म्हणे, "गुडघा गुडघ्याच्या जागी आहे." आणि तिथेच फोन संपे. याच मुलाने आपल्याला अक्षरं शिकवली. तिसरीत होता. कारखान्याने नवा नियम केला होता की झडतीवाल्याने सापडलेल्या वस्तूची चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहायची, नाहीतर गेटवरून गोदामात जायचं. एवढासा पोर, पण वडलांचं भलंमोठं बोट धरून पाटीवर गिरवून घ्यायचा आणि चुकलं की अगदी त्याच्या मास्तरांसारखा "पुन्हा!" म्हणायचा. तो आवाज चिमट्याला अजून ऐकू येई. फोनवरच्या आवाजात तो कुठेच नव्हता. फोनवरचा आवाज सारखा काहीतरी झाकून ठेवल्यासारखा होता, डब्यात भाजीखाली.

नेणार आहे तो तिला. त्यात नवल ते काय, बायको आहे त्याची. तीन वर्षं थांबली हेच नवल. पण मग मला का नाही सांगत? मी काय पाय धरून बसणार आहे? चिमटा हे स्वतःशी म्हणे आणि लगेच त्याला कळे की तो पाय धरूनच बसला असता. या घरात सून गेल्यावर काय उरतं, ते त्याने एकदा दुपारी मोजून पाहिलं होतं. मोजून म्हणजे खोल्याखोल्यांतून फिरून. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, पांढरा फळा, चार खुर्च्या. त्यातल्या तीन रिकाम्या, आणि दुसरीवर तो. समोर बोलणारं कुणी नाही, आणि हा ऐकतोय.

घरात झडती घ्यायची नाही, असं त्याने एकदा ठरवलं होतं. त्याला कारण होतं. बायकोचा धाकटा भाऊ याच कारखान्यात लागला होता, चिमट्यानेच लावला होता. एका संध्याकाळी तो रांगेत आला तो आपणहून पिशवी उघडत, हसत, "बघा दाजी, काही नाही!" दाजींनी बघितलं. काखेत बांधलेल्या दोन तोट्या निघाल्या. सोडला असता तर कुणाला कळलं नसतं. चिमट्याने सोडला नाही. बायको त्यानंतर सहा महिने त्याच्याशी कामापुरतं बोलली. मग काही वर्षांनी कधीतरी त्याला दिसलं की तिचा अंगठा मुठीत असतो. चहा देताना, केस विंचरताना, तो काही विचारायला लागला की अंगठा आत. त्याने ओळखलं, भावाला चोरून काहीतरी देत असणार. ती देवाला गेली की तो तिच्या साड्यांच्या घड्या उलगडून बघे, धान्याच्या डब्यात हात घाली. काही सापडलं नाही. सापडणार कसं, ती जे लपवत होती ते तिच्या छातीत होतं, सुपारीएवढं, मग लिंबाएवढं. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, वर्षभर आधी आला असतात तर. वर्षभर तो धान्याच्या डब्यात हात घालत होता. चिमट्याला तेव्हा कळलं की अंगठा खोटं बोलत नाही, पण खोटं कोणतं तेही सांगत नाही. ते आपण आपल्या मनाने भरतो. एवढं कळूनही आज त्याने पुन्हा तेच मनाने भरलं होतं, आणि सून नर्सबरोबर बाजारात गेली असताना तो तिच्या कपाटासमोर उभा होता.

खणात जास्त काही नव्हतं. पासपोर्ट होता. त्याखाली पिवळ्या पाकिटात दोन लांब कागद. दोन्हींवर सुनेचा फोटो, तोच फोटो, केस मागे ओढून बांधलेले आणि कान मोकळे, परीक्षेला लागतो तसा. तारखा वेगळ्या. एक उन्हाळ्यातली, एक थंडीतली. खाली चार रकान्यांत चार आकडे. आकडे कुठल्याही भाषेत आकडेच असतात, आणि चार रकाने कोणते हे त्याला फळ्याशेजारच्या तक्त्यामुळे पाठ होतं. प्रत्येकात एकशे ऐंशीच्या वर हवेत, हेही. पहिले तीन दोनशेला टेकलेले. चौथा, बोलण्याचा, एकशे बासष्ट. दुसऱ्या कागदावर एकशे अठ्ठावन्न. क्लासमधून शेकड्यांनी माणसं पास करून परदेशी धाडणारी बाई दोनदा नापास झाली होती, तीही बोलण्यात. चिमट्याने कागद होते तसे ठेवले, पासपोर्ट त्यावर ठेवला, खण लावला. हे सगळं करताना आपल्याला कसं वाटतंय ते त्याला कळलं, आणि कळल्यावर तो खाटेवर बसला. त्याला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी गुडघाही दुखत नव्हता.

तिचा दुसऱ्या खेपेचा आकडा, एकशे अठ्ठावन्न, पहिल्यापेक्षा कमी होता, हे त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. म्हणजे ती घसरत चालली होती. त्यानंतर सून रोज नर्सची जोडीदार होऊन बसू लागली. "जोडी मिळत नाही ना, काय करणार," ती म्हणे, कुणी न विचारता. चिमटा आपली खुर्ची थोडी पुढे घेऊन बसू लागला. तिच्याकडे टक लावून बघू लागला. ती बोलताना त्याच्याकडे बघायचं टाळायची, पण ज्याच्याकडे बघायचं टाळावं लागतं तोच सगळ्या खोलीत भरून राहतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आणि मग एका मंगळवारी त्याने ते केलं. सून कशाबद्दल तरी छान बोलत होती, मोठ्या शहरांतल्या राहणीबद्दल असेल, हात मोकळे होते, वाक्यामागून वाक्य येत होतं, दातांचा डॉक्टर कौतुकाने बघत होता. आणि चिमट्याने पेन्सिल दाबून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फुली ओढली. कर्रर्र असा आवाज आला. शिसाचं टोक मोडलं. सुनेचं तोंड उघडं राहिलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत होता आणि तिच्या तोंडातून काही येत नव्हतं. चौदा टकटकी त्याने ऐकल्या. मग ती आपल्या भाषेत म्हणाली, "आज एवढं पुरे," आणि आत गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

जिन्यात नर्स थांबली होती. ती सडेतोड बोलणारी बाई. वॉर्डात बारा तास काढून क्लासला यायची आणि कुणाला भ्यायची नाही. "काका, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग ना."

"ती पेन्सिल जरा हळू चालवा हो. आम्हा लोकांचं ठीक आहे, आम्ही काय, सुई टोचताना पेशंट ओरडला तरी हात हलू देत नाही. पण मॅडमची परीक्षा शनिवारी आहे. आम्हा दोघींची एकाच दिवशी."

गेटवर माणूस आपणहून बोलायला लागला की आपण गप्प राहायचं असतं.

"तुम्हाला माहीत असेलच म्हणा. तिसरी खेप आहे. मला तर आश्चर्य वाटतं, आम्हाला एवढं शिकवतात नि स्वतः... एकदा मी गंमत केली. पहिल्या प्रश्नाला त्या म्हणतात, मी एकटी राहते. मी म्हटलं, अहो मॅडम, एकट्या कुठे, सासरे समोर बसलेत की! मला वाटलं हसतील." नर्सने पर्स खांद्यावर चढवली. "हसल्या नाहीत हो. येते मी, रात्रपाळी आहे."

मी एकटी राहते. चिमटा जिन्यावर तिथेच उभा राहिला. त्याने मनात निरनिराळ्या गोष्टी भरल्या होत्या, पण ही भरली नव्हती. त्याला वाटलं होतं, ती आपल्याला सोडून जाणार आहे. ती तर कधीच सोडून गेली होती. त्या भाषेत तो नव्हताच. दीड वर्ष तो त्या खोलीत बसत होता आणि आता त्याच खोलीत, त्याच्यादेखत, रोज त्याला घरातून काढून टाकलं जात होतं, आणि तो पेन्सिल चालवत होता.

वर आला तेव्हा सून स्वयंपाकघरात पातेलं घासत होती. घासून झालेलंच पातेलं.

"शनिवारी परीक्षा आहे म्हणे."

तिचे हात थांबले. मागे न वळता ती म्हणाली, "नर्सच्या पोटात काही राहत नाही."

"तुझ्या पोटात बरंच राहतं. दोन वर्षं राहिलं."

"बाबा, मी सांगणार होते."

"कधी? विमानात बसल्यावर?"

ती वळली. हात फेसाने भरलेले होते, त्यामुळे अंगठा कुठे आहे ते दिसत नव्हतं. "आधी पास तर होऊ द्या. नापास झाले तर सांगायचं काय? उगाच तुमच्या जिवाला घोर. तिकडे शाळेत शिकवायचं तर ही परीक्षा लागते, आणि नुसतं बसून खायला मी जाणार नाही हे फोनवर त्यांना सांगितलंय. पहिल्यांदा गेले तेव्हा खरं सांगितलं होतं. सासऱ्यांबरोबर राहते म्हटलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईने हसून विचारलं, मग तुम्ही गेल्यावर त्यांच्याजवळ कोण? सहज विचारलं हो. त्यांना बोलतं करायचं असतं. आणि माझी दातखीळ बसली. बाजूचा लिहीत होता, मी त्याच्या पेनाकडे बघत होते. पुढची सगळी उत्तरं बोंबलली."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा म्हटलं, एकटी राहते. म्हणजे पुढचा प्रश्नच येणार नाही. तर त्या दुसऱ्या माणसाने नुसती मान वर केली. काही म्हणाला नाही. मला वाटलं, याला कळलं." ती थोडी हसली, न हसल्यासारखी. "म्हणून तुम्हाला बसवलं. विद्यार्थ्यांसाठी नाही. म्हटलं, तुमच्यासमोर खोटं बोलता आलं की कुणाहीसमोर येईल. पण स्वतः समोर बसायचा धीर व्हायला दीड वर्ष गेलं."

नळ थेंब थेंब गळत होता. चिमट्याला वाटलं, ही तोटी आपल्या कारखान्याची नाही, आपल्या तोट्या अशा गळत नसत.

"मग माझं काय ठरवलंय तुम्ही दोघांनी?"

"काही नाही. ते म्हणतात, बाबांचं बघू. रोज सकाळी म्हणतात, बघू, आणि मी हो म्हणते. त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे इंग्रजीत नाही असं नाही, बाबा. आपल्या भाषेतही नाही."

खरं बोलत होती का? चिमट्याने सवयीने तिच्या हातांकडे पाहिलं. फेस विरत चालला होता. आता दिसेल, आता दिसेल, असं त्याला वाटलं, आणि मग त्याने स्वतःच मान दुसरीकडे वळवली. बायकोच्या वेळी त्याला हे जमलं नव्हतं. कितीदा तरी समोर बसून नुसतं विचारता आलं असतं, काय होतंय तुला? त्याऐवजी त्याने डबे उपसले होते. आणि आजही तो मुका राहिला तर तिला थांबवणं काही अवघड नव्हतं. शनिवारपर्यंत तीन दिवस. तीन दिवस रोज एक फुली पुरे होती. ती एकशे पन्नासवर आली असती, मग हळूहळू तिने नाद सोडला असता, घर तसंच राहिलं असतं, बाहेरच्या खोलीत माणसं आली असती, बोलली असती. कुणाला कळलं नसतं. मेव्हण्याला सोडलं असतं तर तेही कुणाला कळलं नसतं. कुणाला कळणार नाही अशाच गोष्टींवर माणसाची खरी झडती होते, आणि ती घ्यायला गेटवर कुणी नसतं.

"अंगठा," तो म्हणाला.

"काय?"

"खोटं बोलतेस तेव्हा तुझा उजवा अंगठा मुठीत जातो. त्या माणसाने मान वर केली ती त्यासाठी असेल, नसेलही. पण मला दिसतो. हात टेबलावर उताणा ठेवायचा, बोटं सुटी. जमेल?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ओला हात ओट्यावर उताणा ठेवला. पाण्याचे थेंब त्यावरून ओघळले.

"असा?"

"पुन्हा," चिमटा म्हणाला.

बुधवारी आणि गुरुवारी ती चुकली. अंगठा अर्ध्यावर जाई आणि परत येई. गुरुवारी तिने रात्री जेवताना विचारलं, "बाबा, पहिल्या प्रश्नाला मी काय सांगू?" तो म्हणाला, "ते मला काय विचारतेस? मला कुठं येतं इंग्रजी." ती म्हणाली, "आपल्या भाषेत सांगा. मी करते तिकडचं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "सांग की सासरे आहेत. आणि त्या बाईने विचारलं की ते एकटे काय करतील, तर सांग, ते गेटवर होते, आल्यागेल्याची त्यांना सवय आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ठसका लागला, त्याला कळलं नाही. तो बघतच नव्हता.

शुक्रवारी शेवटचा सराव. नर्स दोन मिनिटं उशिरा आली, केस ओले. दातांच्या डॉक्टरने घड्याळ समोर ठेवलं. चिमट्याने आपली खुर्ची पूर्वीच्या जागी, तिरकी, मागे घेतली होती. पेन्सिलीला नवं टोक काढलं होतं. सून आली ती बसण्याआधी त्याच्याकडे बघून परीक्षेत करतात तशी मान लववून. त्यानेही लववली.

पहिला प्रश्न. नर्सने तिचे सासरे आणि नणंद सांगून टाकले. मग सुनेची पाळी आली. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, उताणे, बोटं सुटी, जणू कुणी मागितलं नसताना सगळं समोर मांडून ठेवावं. ती बोलू लागली. यावेळी उत्तर चार शब्दांचं नव्हतं. ते वाहत होतं, वळत होतं, मधेच ती किंचित हसली. त्यात फादर-इन-लॉ आले का? डॉक्टरची खुर्ची नेमकी त्याच क्षणी करकरली होती. आले असतील. पुढे एक प्रश्न आला, डॉक्टरने कागदात न बघता आपल्या मनाचा विचारला, आणि सून थांबली नाही. बोलत राहिली. चिमट्याने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा उघडा, स्थिर, पाळीव. तो बघत राहिला आणि त्याला हळूहळू कळत गेलं की आता त्याला काही कळणार नाही. आज नाही, उद्या नाही, ती तिकडून फोनवर "लवकर येते हं बाबा" म्हणेल तेव्हाही नाही. हा हात आता त्याला काही सांगणार नव्हता. तो मुका करायला त्यानेच शिकवला होता. आपणहून पिशवी उघडून उभ्या राहिलेल्या माणसासमोर तो उभा होता, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली, एकतीस वर्षांची जुनी आठी.

कागद कोरा होता. बरोबरची खूण करावी की फुली, पेन्सिल दोन्हींच्या मधे थांबली. मग त्याने ती खाली ठेवली. हात पुढे केला आणि टेबलाच्या कडेवर तळहाताने दोन थापा मारल्या.

दातांचा डॉक्टर दचकला. नर्सने भुवया उंचावल्या. दुसऱ्या खुर्चीतून कधी आवाज आला नव्हता. सुनेने बोलता बोलता मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. आणि तिचं वाक्य तुटलं नाही.